मद्यमुक्तीसाठी मदतगट शोधताना या चुका टाळा

सर्वांत धोक्याची चूक आधी. वर्षानुवर्षे रोज, कित्येकदा सकाळपासून पिणारी व्यक्ती मदतगटाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये भारावून जाते आणि त्याच रात्रीपासून दारू पूर्ण बंद करते. घरच्यांना त्याचे कौतुकच वाटते. परंतु अशा शरीराला दारू अचानक मिळेनाशी झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, भास, ताप व तीव्र थरथर अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. मदतगट म्हणजे दवाखाना नव्हे. सकाळी दारू घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. उपचार सुरू असतानाही मीटिंगला जाता येते. गटातील एखादा जुना सदस्य ‘गोळ्या म्हणजेही नशाच, बंद करा’ असे म्हणाला, तर ते त्याचे वैयक्तिक मत समजावे, कारण अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटांची संघटना वैद्यकीय सल्ला देत नाही.

दुसरी चूक गट आणि केंद्र यांत गल्लत करण्याची. एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. तेथे सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नसते, मीटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीत सदस्य ऐच्छिक पैसे टाकतात आणि बाहेरच्या देणग्या स्वीकारल्या जात नाहीत. मुंबईतील कृपा फाउंडेशन (1981) किंवा पुण्यातील मुक्तांगण (1986) या मात्र उपचार करणाऱ्या संस्था आहेत. तेथे दाखल होऊन राहावे लागते आणि बाहेर पडल्यानंतर पाठपुराव्याच्या बैठकांना जायचे असते. इंटरनेटवर शोध घेतला की या दोहोंत तिसराच प्रकार मिसळतो, तो म्हणजे ‘पेशंटला घरून उचलून नेऊ’ किंवा ‘न सांगता चहातून औषध द्या’ अशा जाहिरातींचा. डायसल्फिरामसारखे औषध नकळत पोटात गेलेल्या माणसाने त्यावर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ज्याला व्यसन आहे त्याच्यापासून लपवून दिलेल्या उपायाला उपचार म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शोधाची सुरुवात एएच्या भारतातील संकेतस्थळावरील मीटिंगच्या यादीपासून करता येते. मात्र शाळेची खोली किंवा सभागृह मिळेनासे झाले की जागा बदलते, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्यावी. मुंबईत इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा वेगवेगळ्या मीटिंग भरतात. ज्याला आपले दुःख मराठीतच सांगता येते त्याने इंग्रजी मीटिंगमध्ये मुकाट बसून राहण्यात अर्थ नाही. ती मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हेही विचारावे, कारण क्लोज्ड मीटिंगला नातेवाइकांना बसता येत नाही. यादीतून काही हाती लागले नाही, तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील समाजसेवकांना जवळचे गट बहुधा ठाऊक असतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने अनेक जण मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाचा गट निवडतात. वास्तविक तेथे भेटणारा ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याचा संकेत दोघांनाही लागू असतो. लांबच्या गटाची खरी अडचण पावसाळ्यात किंवा कामावरून उशीर झालेल्या संध्याकाळी कळते: दोन गाड्या बदलून जावे लागणारी मीटिंग सर्वांत आधी चुकते, आणि पिण्याची ओढ नेमकी अशाच संध्याकाळी लागते. चालत किंवा एका रिक्षात गाठता येईल असा एक गट ठरवून घ्यावा; तो मनाजोगता नसला तरी चालेल, दुसरा आवडीचा गट आठवड्यातून एकदा करता येतो.

एकाच मीटिंगवरून सगळ्यांचे मोजमाप करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. चर्चच्या सभागृहात मीटिंग भरते म्हणून ती ख्रिस्ती होत नाही, आणि मीटिंगमधल्या प्रार्थनेतला ईश्वर कोणता मानायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. अशा माणसाला माळ न काढता तेथे बसता येते आणि नास्तिकालाही बसता येते. निरनिराळ्या गटांच्या चार-सहा मीटिंग झाल्याखेरीज मत बनवू नये. महिलांनी फक्त महिलांची मीटिंग आहे का ते विचारावे आणि स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, स्त्रीच निवडावी.

कुटुंबीय बहुधा पिणाऱ्यासाठीच गट शोधत राहतात आणि स्वतःसाठी काही शोधत नाहीत. 1951 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-ॲनॉनच्या मीटिंग नातेवाइकांसाठीच असतात आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा प्यायचा थांबलेला नसला तरी पत्नीला तेथे जाता येते.

राहिला प्रश्न घसरण्याचा. काही महिने सोबर राहून पुन्हा प्यायलेला माणूस लाजेने गटाचे दूरध्वनीही उचलत नाही आणि नवा, अनोळखी गट शोधू लागतो. त्याने जुन्याच गटात परत जावे, कारण तेथील बहुतेकांनी ही घसरण स्वतः अनुभवलेली असते. त्या दिवशी प्यायलेला असेल, तर बोलू नये, मागे बसून नुसते ऐकावे.