संगणकावरील खाते लॉक झाल्यास ते पुन्हा कसे उघडावे

गेल्या गुळाच्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानातून दुपारी फोन आला. सौदे आटोपले होते, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, काढायच्या होत्या आणि नेमके त्याच वेळी दिवाणजींचे विंडोजमधील खाते लॉक झाले होते. मी पोहोचेपर्यंत कोणाच्या तरी सल्ल्यावरून संगणक फॉरमॅट करण्याची तयारी झाली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर हंगामाचा सगळा हिशेब पुसला गेला असता. खाते मात्र तोवर आपोआप उघडले होते. फक्त ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

म्हणून सर्वप्रथम पडद्यावरील वाक्य नीट वाचावे. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ आणि ‘खाते लॉक झाले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ११ च्या २०२२ मधील २२एच२ आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या संगणकांवर मूळ मांडणीनुसार १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटांसाठी लॉक होते. या काळात बरोबर पासवर्ड टाकला तरी तो नाकारला जातो, आणि खरा घोटाळा येथेच होतो: माणसाचा स्वतःच्या योग्य पासवर्डवरचा विश्वास उडतो, मग तो मुलांची नावे, गाडीचे नंबर, जुने पासवर्ड असे आठवेल ते टाकत सुटतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याने ही मुदत कमी होत नाही. घड्याळ पाहावे आणि पंधरा मिनिटे कीबोर्डला हात लावू नये.

तेवढ्या वेळात लॉक कशामुळे झाले, याचा शोध घ्यावा. कॅप्स लॉक आणि नम लॉक तर पाहावेतच. पण आपल्याकडे मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली कीबोर्डची भाषा दिसते. तेथे मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी निवडलेली असेल, तर ‘गूळ’ या अर्थाने इंग्रजीत जी, यू, एल ही बटणे दाबल्यावर अनुक्रमे उकार, ह आणि त उमटतात, आणि पासवर्डच्या चौकटीत केवळ ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. दिवाणजींनी आदल्या दिवशी बाजार समितीला मराठीत पत्र लिहिले होते. त्यांचा पासवर्ड पाठ होता, कीबोर्डची भाषा तेवढी बदललेली होती. विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केले की टाकलेली अक्षरे दिसतात. अर्थात त्या वेळी पाठीमागे कोणी उभे नसावे.

पासवर्डऐवजी पिन वापरत असाल आणि तो अडला असेल, तर ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पासवर्डचा पर्याय निवडावा.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल, तर खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल, तर ते मायक्रोसॉफ्टचे खाते आहे. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन, नोंदवलेल्या क्रमांकावर किंवा ईमेलवर येणाऱ्या कोडच्या आधारे नवा पासवर्ड ठेवता येतो. त्यानंतर संगणक इंटरनेटला जोडून तोच पासवर्ड टाकावा. नोंदवलेला क्रमांक बंद पडला असेल, तर मात्र काम लांबते, कारण सुरक्षेची सगळी माहिती बदलण्यासाठी ३० दिवस थांबावे लागते.

खाते केवळ त्या संगणकापुरते असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली ‘रीसेट पासवर्ड’ असे दिसते आणि खाते तयार करताना निवडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे विचारली जातात. ही सोय विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून आहे. उत्तरे आठवत नसतील, तर त्याच संगणकावरील दुसऱ्या प्रशासक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) खात्यातून नवा पासवर्ड देता येतो. परंतु असा बाहेरून बदललेला पासवर्ड विंडोजमध्येच कूटबद्ध केलेल्या फायली, साठवलेले पासवर्ड आणि संगणकात ठेवलेली प्रमाणपत्रे निकामी करू शकतो. यूएसबी टोकनमधील डिजिटल सहीला याचा धोका नसतो. कार्यालयात सर्व्हर असेल, तर खाते तेथील प्रशासकच उघडू शकतो. उघडल्यावरही ते वारंवार लॉक होत असेल, तर मोबाइलमधील ईमेलमध्ये किंवा एखाद्या सामायिक फोल्डरच्या जोडणीत जुना पासवर्ड राहिला आहे का, हे पाहायला सांगावे.

पेन ड्राइव्हवरून पासवर्ड काढून देतो असे सांगणाऱ्याच्या हाती संगणक देण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील सगळी माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे विचारावे. तो चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की नसताना डिस्कवरील काहीही वाचता येत नाही. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर तर मुळीच फोन करू नये. तेथील माणूस संगणकाचा ताबा देणारे ॲप उतरवायला सांगतो आणि मग बँक खाते रिकामे होते. असे घडलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

त्या दुकानात पट्ट्या निघाल्यानंतर आम्ही मालकांच्या नावे दुसरे प्रशासक खाते तयार केले, मायक्रोसॉफ्ट खात्यातील जुना मोबाइल क्रमांक बदलला आणि बिटलॉकरची की कागदावर छापली. तो कागद दिवाणजी गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवणार होते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात खालच्या कप्प्यातल्या कागदांचे काय झाले होते, ते मालकांना आठवले आणि त्यांनी तो पिशवीत घालून माडीवरच्या कपाटात नेऊन ठेवला.