मूल 'मला दिसत नाही' असं म्हणणारच नाही, त्यामुळे घरीच बघा

आपल्याकडे बहुतेक आईबाबा मुलाचे डोळे कधी तपासतात तर शाळेतून बाई सांगतात तेव्हा, की फळ्यावरचं चुकीचं उतरवतोय. पण ज्या मुलाला जन्मापासून धूसरच दिसतंय त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, आणि एकच डोळा कमजोर असेल तर दुसऱ्या डोळ्यावर काम भागून जातं, मग ते तक्रार तरी काय करणार?

म्हणून एक सोपी गोष्ट करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून आठ-दहा फुटांवर मुलाला बसवा, एक डोळा तळहाताने नीट झाका (बोटांच्या फटीतून सगळी बघतात 😀) आणि तारखा वाचायला लावा, मग दुसरा डोळा झाकून तेच. दोन्हीत फरक पडला की लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आकडे न येणाऱ्या लहानग्याला खेळणं दाखवत एकेक डोळा झाका, एक डोळा झाकला की चिडतं, हात ढकलतं आणि दुसरा झाकला की काहीच वाटत नाही, असं झालं तर जो उघडा असताना चिडतं तो डोळा कमजोर असू शकतो. अर्थात ही घरची चाचणी आहे, यात सगळं बरोबर आलं तरी साधारण तीन वर्षांचं झाल्यावर आणि शाळेत घालायच्या आधी एकदा डॉक्टरकडून तपासून घ्याच.

घाई यासाठी की कमजोर डोळ्याकडून मेंदू नीट बघायला शिकतच नाही, त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यावर खूप फरक पडतो, नंतर तो कठीण होत जातो.

तिरळेपणाचंही तेच. 'भाग्याचं लक्षण आहे', 'मोठं झालं की जाईल' हे आजी प्रेमानेच म्हणते, पण चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा जात असेल तर थांबू नका प्लीज. आणि बाळाची बाहुली पांढरी दिसली किंवा फ्लॅश मारलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली तर त्याच आठवड्यात दाखवा, मोतीबिंदू असू शकतो आणि क्वचित डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सरही. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर पडद्याची तपासणी पहिल्या ३० दिवसांत व्हायलाच हवी, एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) डॉक्टरांनी नाही सांगितलं तरी तुम्ही विचारा.

नंबर काढताना चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर भागवू नका. मुलं जवळचं बघायला डोळ्यावर इतका जोर देतात की नंबर चुकीचा येतो, म्हणून डॉक्टर थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासतात, त्या दिवशी शाळा बुडाली तर बुडू दे.

आणि चष्मा लावला की नंबर वाढतो हे खरं नाही हो. नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून, चष्मा काढून ठेवल्याने तो थांबत नाही. मुलीला चष्मा लागला तर लग्नाचं काय, म्हणून सहा वर्षांच्या पोरीचा चष्मा कपाटात ठेवणारी घरं अजून आहेत, याचा खरंच राग येतो! तिला आज फळा दिसायला हवा ना? रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या, त्याने मायनस नंबर (लांबचं धूसर दिसणं) लागायचा धोका कमी होतो.

काजळ, मध, गुलाबपाणी डोळ्यात नको. खाज सुटते म्हणून मेडिकलमधून मनानेच ड्रॉप्स आणू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर काचबिंदू होऊ शकतो.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, २०१३ पासून सुरू आहे, शून्य ते अठरा वयासाठी, तपासणी फुकट आणि पुढच्या उपचारांसाठी ते सरकारी दवाखान्यात पाठवतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि चिठ्ठी दिली तर ती घेऊन लगेच जा.