१:३५ प्रमाणातील रणगाडा: जुळवणी, रंगकाम आणि धूळ-चिखलाचा हात

लष्करी वाहनाचे मॉडेल करताना नवशिक्याचा सारा उत्साह बहुधा जुळवणीतच संपतो आणि गंज, धूळ, चिखल हे प्रकार शेवटच्या संध्याकाळी घाईघाईने फासले जातात. खरे तर विचाराची सुरुवात शेवटाकडूनच करायला हवी. किटमधला पहिला भाग कापण्यापूर्वी, हे वाहन कोठे, कोणत्या ऋतूत आणि कारखान्यातून निघून किती दिवस झालेले असताना आपल्याला दाखवायचे आहे, हे कागदावर दोन ओळींत लिहून ठेवावे. वाहनावरचा प्रत्येक टवका, डाग आणि ओघळ कशामुळे तरी आलेला असतो. ते कारण करणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर कितीही महागडे साहित्य वापरले तरी मॉडेल नुसते मळलेले दिसते, वापरलेले दिसत नाही.

या लेखात उदाहरणासाठी सोव्हिएत टी-३४-८५ हा रणगाडा घेतला आहे. त्याचे उत्पादन १९४४ च्या सुरुवातीला सुरू झाले, आकार सुटसुटीत आहे आणि त्याची किट अनेक कंपन्या काढतात. आपल्या दोन ओळी अशा: जून १९४४ मध्ये बेलारूसमध्ये सुरू झालेली सोव्हिएत सैन्याची बाग्रातिओन मोहीम, रणगाडा काही आठवड्यांपूर्वीच आघाडीवर आलेला, कोरड्या रस्त्यांची धूळ आणि दलदलीचा चिखल दोन्ही अंगावर. एवढे ठरले की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ, पोपडे सुटतील असा जाड गंज या रणगाड्यावर येणे शक्यच नाही. मॉडेल करणाऱ्यांना गंजाचा मोह फार, आणि प्रदर्शनांतली निम्मी मॉडेले त्यामुळेच भंगारातून उचलून आणल्यासारखी दिसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणाचे भानही याच वेळी ठेवावे. १:३५ हे प्रमाण रूढ होण्याला तसे शास्त्रीय कारण काही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढताना आत बॅटऱ्या मावतील असा आकार निवडला आणि पुढे तोच पायंडा पडला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा हिशेब वेगळा आहे. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा उडालेला रंग, आणि २ मिलिमीटरचा चिखलाचा गोळा म्हणजे ७ सेंटिमीटरचे ढेकूळ. हा हिशेब डोक्यात असला की हात आपोआप आवरता राहतो.

जुळवणी

भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात त्या स्प्रूपासून ते सोडवताना निपर (कापायची छोटी पक्कड) भागाला चिकटवून कापू नये. आधी थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला खुंट धारदार पात्याने व मग ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवावा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे भागावर एक बारीक रेघ उमटलेली असते. तोफेच्या नळीवर आणि चाकांवर ती रेघ हमखास असते आणि रंग दिल्यावर दुप्पट ठळक दिसते, म्हणून पाते आडवे धरून ती हलकेच खरवडून काढावी.

पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकसाठी वापरायचा पातळ सिमेंट हा खरे पाहता गोंद नव्हे, ते प्लॅस्टिक विरघळवणारे द्रावण आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरावेत आणि फटीला ब्रशचे टोक नुसते टेकवावे. द्रावण स्वतःच फटीत ओढले जाते आणि दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. बोट मात्र त्या फटीपासून दूर ठेवावे. बोटाखाली द्रावण शिरले तर अंगठ्याचा ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा कोरला जातो, आणि माझ्या पहिल्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, तो इतका स्वच्छ उमटला होता की ओळख पटवायला कोणालाही अडचण आली नसती. पितळी पत्र्याचे किंवा रेझिनचे भाग या सिमेंटने चिकटत नाहीत. त्यांना सायनोॲक्रिलेटच, म्हणजे सुपरग्लूच लागतो.

टी-३४ चे टरेट ओतीव पोलादाचे होते आणि त्याचा पृष्ठभाग चांगलाच खडबडीत असे, पण अनेक किटमध्ये तो गुळगुळीत येतो. टरेटवर एका वेळी नाण्याएवढ्या जागेत पातळ सिमेंट लावावा, प्लॅस्टिक मऊ झाले की जुन्या, केस आखूड कापलेल्या ब्रशने उभे टोचत जावे आणि पुढच्या भागाकडे वळावे. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर एकदाच हलका फिरवला की टोकदार उंचवटे बसतात आणि ओतकामाचा पोत उरतो. धडाचे पत्रे मात्र लाटीव पोलादाचे आहेत, त्यांना हा पोत देऊ नये.

चाके आणि ट्रॅक (चाकांभोवतीचे कड्यांचे पट्टे) या टप्प्याला कायमचे चिकटवू नयेत, म्हणजे त्यांच्या मागे रंग पोहोचतो. टी-३४ ला वरच्या बाजूला ट्रॅक पेलणारे छोटे रोलर नाहीत. वरचा पट्टा थेट पाच मोठ्या चाकांवर टेकतो आणि दोन चाकांच्या मधे किंचित झोळ पडतो. सुट्या कड्यांचा ट्रॅक असेल तर सिमेंट अर्धवट ओला असतानाच पट्टा चाकांवर बसवून हा झोळ द्यावा, आणि पूर्ण वाळल्यावर पट्टा अलगद काढून वेगळा रंगवावा. रबरी पट्ट्याचा ट्रॅक ताणलेल्या वादीसारखा दिसतो. तो मधल्या चाकांना बारीक टाचणीने किंवा सायनोॲक्रिलेटच्या थेंबाने खाली ओढून धरता येतो, पण ते काम रंगानंतर, शेवटच्या जुळवणीच्या वेळी करावे.

रंगाचे थर

रंगकामाचा एकच नियम मोडता येत नाही: तीव्र द्रावकाचा रंग खाली, सौम्य द्रावकाचा वर. म्हणून प्रायमर (सर्वांत खालचा अस्तराचा थर) लॅकरचा, मुख्य रंग ॲक्रिलिक आणि त्यावरचे वॉश (खूप पातळ रंगाचे हात) इनॅमलचे किंवा तैलरंगाचे, असा क्रम सर्वांत निर्धोक. लॅकर फवारताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रासायनिक वाफा अडवणारा मास्क लावावा. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

प्रायमर म्हणून लालसर तपकिरी छटा निवडावी, कारण पुढे टवक्यांतून तीच दिसणार आहे. तो वाळल्यावर जिथे रंग झिजणार आहे तेवढ्याच जागी केसांना मारण्याच्या हेअरस्प्रेचे दोन पातळ थर द्यावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्यावर सोव्हिएत गडद हिरवा ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग उडवणाऱ्या छोट्या पिचकारीने, फवारावा. रंग साधारण दुधाइतका पातळ, नोझल ०.३ मिलिमीटरचे, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय आणि अंतर पाच-सात सेंटिमीटर, ही बहुतेकांना जमणारी सुरुवात आहे. बाटलीतला हिरवा जसाच्या तसा वापरला तर लहान मॉडेलवर तो फार काळपट दिसतो. त्यात थोडा पिवळसर रंग मिसळावा आणि वर आकाशाकडे असलेल्या पृष्ठांवर आणखी किंचित उजळ थर द्यावा.

एक-दोन तासांत, रंग घट्ट होण्यापूर्वी, टवक्यांचे काम उरकावे. साध्या पाण्याने जागा ओली करावी, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि कडक ब्रशने हलके घासावे. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा हिरवा बारीक, अनियमित कणांत सुटून तपकिरी उघडा पडतो. कोठे घासायचे हे मात्र आपल्या कथेने सांगायचे. टी-३४ वर पायदळाचे सैनिक बसून जात, त्यासाठी धडाला आणि टरेटला धरायला दांड्या लावलेल्या असत. म्हणजे रंग झिजेल तो दांड्यांवर, चढताना बूट जिथे टेकतात त्या कडेवर, इंजिनावरच्या झाकणांवर आणि चालकाच्या झडपेभोवती. टरेटच्या बाजूच्या मधोमध कोणाचा हात-पाय लागत नाही. तिथे टवके काढण्याचे कारण नाही. उरलेसुरले बारीक टवके स्पंजच्या तुकड्याला गडद तपकिरी रंग लावून, तो कागदावर जवळजवळ कोरडा करून, कडांवर टिपावेत.

यानंतर चकचकीत वार्निशचा थर द्यावा आणि त्यावर टरेटचे आकडे म्हणजे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील चित्रे) लावावेत. खडबडीत पृष्ठावर डिकलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी चमकते, म्हणून डिकल मऊ करणारे द्रावण दोनदा लावून ते पोतात बसू द्यावे. मग पुन्हा एक संरक्षक थर, शक्यतो अर्धमॅट, आणि पूर्ण एक दिवस विश्रांती. हा दिवस वाचवायला जाऊ नये.

वॉश, ओघळ आणि डाग

वॉश म्हणजे व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करण्याच्या द्रावकात) खूप पातळ केलेला गडद तपकिरी इनॅमल किंवा तैलरंग. तो सगळ्या मॉडेलवर ओतण्याची पद्धत जुनी झाली. बारीक ब्रशचे टोक बोल्टच्या मुळाशी, बिजागरीच्या कडेला किंवा जोडरेषेवर टेकवावे. रंग आपणहून कडेने धावतो. दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ थिनरने ओलावलेल्या ब्रशने जास्तीचा रंग पुसावा. ताण असलेल्या जोडांवर, विशेषतः चाकांच्या आसांवर, व्हाइट स्पिरिटचे तळे साचू देऊ नये. उघड्या राहिलेल्या प्लॅस्टिकमध्ये ते मुरते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते. माझ्या एका मॉडेलचे दोन आस असे वॉशनंतर रात्रीतून तुटले आणि कारण कळायला पुढचे मॉडेल उजाडले.

तैलरंगांचे काम या साऱ्यांत सर्वांत आनंदाचे आहे आणि त्याला वेळही द्यावा. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवावा, म्हणजे त्यातले जास्तीचे तेल शोषले जाते आणि रंग मॅट वाळतो. पांढरा, पिवळी माती, फिकट निळा आणि गडद तपकिरी अशा रंगांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके हिरव्यावर विरळ ठेवावेत आणि थिनरने जेमतेम ओल्या चपट्या ब्रशने ते पसरवावेत. धडाच्या उतरत्या बाजूंवर ब्रश नेहमी पाणी वाहील त्याच दिशेने, वरून खाली ओढावा; सपाट भागांवर नुसते टिपावे. ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात, पण तो हिरवा आता एकसुरी राहत नाही. नजरेला धुवट, उन्हाने विटलेला आणि कोठे तेलकट असा फरक जाणवतो, तरी तो कशामुळे हे चटकन सांगता येत नाही, तेव्हा थांबावे.

काही डाग मात्र ठळकच हवेत. धडाच्या बाजूंना लावलेल्या जादा इंधनाच्या गोल टाक्यांच्या तोंडाखाली डिझेल सांडलेले असणार. तिथे गडद तपकिरी तैलरंगात थोडे चकचकीत वार्निश मिसळून दोन-तीन असमान ओघळ काढावेत. भोवतालचा मॅट रंग आणि हा ओलसर चकाकणारा डाग यांतला विरोध पाहणाऱ्याला पटतो. मागच्या पत्र्यावरच्या दोन धुराड्यांवर तापून चढणारा पातळ, नारिंगी-तपकिरी गंज दाखवावा, आणि त्यांच्या तोंडाशी काजळीचा काळा पिगमेंट (रंगीत भुकटी) कोरड्या ब्रशने चोळावा. गंजासाठी या रणगाड्यावर एवढी एकच जागा पुरे आहे.

धूळ, चिखल आणि ट्रॅक

इथपर्यंत आल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश द्यावे. यानंतर वार्निश वापरायचे नाही, कारण पिगमेंटवर ते फवारले की धुळीचा रंग गडद होतो आणि अर्धी धूळ नाहीशीच होते.

पिगमेंट म्हणजे अगदी बारीक कुटलेली रंगीत भुकटी. एकाच छटेची धूळ पिठासारखी दिसते, म्हणून मातीच्या दोन-तीन छटा घ्याव्यात: वर फिकट आणि कोरडी, खाली गडद आणि ओलसर. भुकटी कोपऱ्यांत, झाकणांच्या कडेला आणि चिखलरोधकांवर कोरडीच ठेवावी, ड्रॉपरने किंवा मोठ्या ब्रशने कडेला व्हाइट स्पिरिट टेकवून ते भुकटीत झिरपू द्यावे. ओले असताना सगळे काळपट दिसते आणि हात आणखी भुकटी टाकायला शिवशिवतो. पण वाळल्यावर रंग बराच उजळतो, तेव्हा धीर धरावा. सैनिक जिथे बसतात आणि चढतात तेथील धूळ बोटाने पुसून टाकावी.

चिखलासाठी पिगमेंटमध्ये थोडे प्लास्टर, चिमूटभर बारीक कृत्रिम गवत आणि ॲक्रिलिक माध्यम मिसळून दाट लगदा करावा आणि तो चाकांच्या मागे, धडाच्या तळाशी व मागच्या, ट्रॅक ओढणाऱ्या चाकाभोवती भरावा, कारण ट्रॅक चिखल वर ओढून तिथेच टाकतो. मग हाच लगदा पातळ करून कडक ब्रशवर घ्यावा, टूथपिकवर ब्रश ओढून शिंतोडे उडवावेत, आणि आधी पुठ्ठ्यावर त्यांचा आकार पाहून घ्यावा. जुने शिंतोडे फिकट, ताजे गडद आणि किंचित चमकदार ठेवले की रणगाडा एकाच खड्ड्यातून गेला नाही हे कळते.

ट्रॅकला मुख्य रंग गडद तपकिरी-राखाडी द्यावा. चालत्या रणगाड्याचा ट्रॅक जमिनीवर आणि चाकांवर सतत घासला जात असल्याने तिथे उघडे पोलाद चमकते. जमिनीला टेकणारे उंचवटे आणि टी-३४ च्या एकाआड एक कड्यांवरचे, दुहेरी चाकांच्या मधून धावणारे उंच दात मऊ पेन्सिलीच्या ग्राफाइटने घासावेत. खोलगट भागात चिखलच राहू द्यावा. चाकांच्या कडेला रबर आहे, त्यामुळे तिथे धातूची चमक दाखवणे ही चूक ठरते. तोच ग्राफाइट मशीनगनच्या नळीवर, ओढण्याच्या हुकांवर आणि झडपांच्या हातळ्यांवर बोटाने चोळावा.

ट्रॅक बसवल्यावर मॉडेल दोन दिवस हलवू नये, आणि नंतर ते पारदर्शक झाकणाखालीच ठेवावे. पिगमेंटवर बसलेली खोलीतली खरी धूळ झटकायला गेले की आपली धूळही तिच्याबरोबर निघून येते.