परदेशात रोज पनीर मसाला न खाता कसं जेवावं

खत-बियाण्याच्या कंपनीच्या डीलर टूरवर गेलेले कृषी केंद्रवाले, रिटायर झालेले गुरुजी, पोरगं बाहेर नोकरीला लागलेले आईबाप, आता आपल्या खेड्यांतूनही थायलंड, बाली, सिंगापूर, दुबईची वारी होते. परत आल्यावर काय खाल्लं म्हणून विचारा. पनीर मसाला, जिरा राईस, पिवळी डाळ. काहून बाप्पा? हे तर वर्धा रोडच्या ढाब्यावरही मिळते! शिवाय तिथे हेच जेवण पुष्कळदा महाग पडतं, कारण भारतीय हॉटेलं बऱ्याचदा पर्यटकांच्याच गल्लीत असतात. तिथली माणसं रोज जे जेवतात ते त्याहून स्वस्त असतं. फक्त तयारी निघण्याआधीपासून हवी.

टूर आणि बॅग

टूर ठरवतानाच ‘तिन्ही टाइम जेवण आमच्याकडे’ हे पॅकेज नाकारा. नाश्ता हॉटेलात, बाकीचं आपलं आपण. कंपनीच्याच टूरवर असाल तर निदान दोन दुपारी गटातून सुटा.

चिवडा, जवसाची चटणी, थोडा भुरका न्या. पहिल्या रात्री कामी येतं. लोणचं केबिन बॅगेत ठेवू नका, तपासणीत काढून घेऊ शकतात. आणि एक गोष्ट घरच्या बायांना बजावून सांगा: दुबईला किंवा सिंगापूरला जाताना खसखस नको. दोन्हीकडे तिच्यावर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात धरली जाते. आपल्या रश्श्याच्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. लेकाला दिवाळीचा फराळ पाठवायचा तर अनारसे घरीच खा. न्यूझीलंडला खायची वस्तू फॉर्मवर न लिहिता नेली, तर विमानतळावरच तिथले ४०० डॉलर दंड होतो.

मग मोबाइलवर तिथल्या भाषेत चार ओळी लिहून घ्या: मी मांस, मासे, अंडं, मासळीचा सॉस खात नाही. ‘व्हेज’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. थायलंडात भाजीतही मासळीचा सॉस पडतो, श्रीलंकेत खोबऱ्याच्या संबोलात (चटणीत) बहुतेकदा सुकी मासळी असते, जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीच माशाचं असतं. गाय-डुकराचं वर्ज्य असेल तर तेही वेगळं लिहा.

जागा

आठवडी बाजारात आलूबोंडा कोणाकडे खायचा हे आपण पाटी पाहून ठरवत नाही. कढई रिकामी होऊन पुन्हा भरते कुठे, हमाल आणि शेतकरी उभे कुठे आहेत, ते पाहतो. परदेशातही नजर हीच ठेवा. सहा भाषांत छापलेलं फोटोंचं मेनूकार्ड आणि दारात ‘नमस्ते’ म्हणणारा माणूस दिसला की पुढे चला.

सिंगापूरला हॉकर सेंटर असतात: एका छपराखाली पन्नास-शंभर छोटी दुकानं, मधे सामाईक टेबलं. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. तिथल्या पाच-सहा डॉलरमध्ये एकाचं पोट भरतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरून ठेवलेली आहे, बसू नका. आणि जेवण झालं की ट्रे आपणच परत ठेवायचा. मलेशियात ‘मामक’ म्हणजे तमिळ मुसलमानांच्या दुकानात रोटी चनाई (मैद्याचा पदर सुटलेला पराठा) डाळीसोबत मिळते, रात्री उशिरापर्यंत. इंडोनेशियात ‘वारुंग’ म्हणजे छोटी घरगुती खानावळ शोधा. तुर्कस्तानात बाजारातल्या कारागिरांसाठीच्या खानावळी असतात, भांडी समोर मांडलेली, बोट दाखवलं की वाढतात. मसुराचं सूप आणि पाव यावर दुपार निघते. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक दराचं जेवण मिळतं, तेच पदार्थ रात्री महाग. एकूणच मोठं जेवण दुपारी करा, आणि तिथली जेवणाची वेळ सुरू होताच पोहोचा. चांगल्या ठिकाणचं लवकर संपतं.

मागवणं

चौघांनी चार थाळ्या मागवू नका. दोन ओळखीचे आणि एक अनोळखी पदार्थ मागवा, वाटून खा, पुरलं नाही तर शेजारच्या दुकानातून आणखी घ्या. असं केलं की नावडलेल्या पदार्थाचे पैसे चौघांत वाटले जातात आणि एका बैठकीत तीन-चार चवी होतात.

आपण भिवापुरी मिरचीवर वाढलो म्हणून थाई माणसाशी पैज लावू नका, त्यांची बारकी मिरची डोळ्यांतून पाणी काढते. कच्च्या पपईचं ‘सोम तम’ मागवताना आधी कमी तिखट सांगा. टेबलावर मिरचीपूड, साखर, व्हिनेगर आणि मासळीचा सॉस ठेवलेला असतो. वरून आपलं आपण घ्यायचं.

खरी गंमत ओळखीच्या पिकांची आहे. आपण सोयाबीन पिकवतो आणि पोती भरून बाजार समितीत नेऊन टाकतो. जावा बेटावर तेच सोयाबीन शिजवून, बुरशीचं विरजण लावून, केळीच्या पानात बांधून ‘टेंपे’ करतात. तळलं की बाहेरून कुरकुरीत, आत दाणेदार, आणि गरिबाच्याही ताटात परवडणारं. सोयाबीन लावणाऱ्या माणसाने बालीला जाऊन ते न खाता यावं, हे मला तरी पटत नाही. इजिप्तला लाल अंबाडीच्या बोंडांचं गडद लाल सरबत पितात, त्याला ‘करकदे’ म्हणतात. ब्रह्मदेशात अंबाडीची आंबट भाजी घरोघरी होते.

शाकाहारी मंडळींसाठी

थायलंडात पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसणारं चिन्ह शोधा. त्याचा उच्चार ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींचंही बरंच सोपं होतं. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ अशी पाटी पाहा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण शाकाहार पाळतात, त्या दिवशी पर्याय वाढतात. इथिओपियात बुधवार-शुक्रवार उपासाचे, म्हणजे मांस-अंडं-दूध वर्ज्य. इंजेरा या डोशासारख्या आंबूस भाकरीवर डाळी आणि भाज्यांचे ढीग येतात. कैरोत ‘कोशारी’ मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. वाचून विचित्र वाटेल, पण चार तास भूक लागत नाही.

इंडोनेशियातल्या गाडो-गाडोमध्ये (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) अंडं आणि कोळंबीची पेस्ट असू शकते. मोबाइलवरच्या त्या चार ओळी इथेही दाखवा.

पैसा आणि पोट

भाव आधी विचारा, सुट्या नोटा ठेवा. इटलीत टेबलावर बसलं की माणशी वेगळा आकार लागू शकतो; कॉफी काउंटरला उभं राहून घ्या, स्वस्त पडते. युरोपात बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी चालतं, आग्नेय आशियात सिंगापूर सोडून बाटलीचंच प्या.

समोर गरम केलेलं खा, कापून ठेवलेल्या फळांऐवजी स्वतः सोलायची फळं घ्या. ओआरएसची पाकिटं गावच्या मेडिकलमधूनच घेऊन निघा.

शेवटच्या दिवशी विमानतळावर खरेदी नको. आदल्या संध्याकाळी तिथल्या साध्या सुपरमार्केटात जा, वाळलेली करकदेची फुलं किंवा शेंगदाण्याच्या सॉसचा मसाला घ्या आणि बाटल्या असतील तर मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधे ठेवा.