स्थानिक गाईड तयार करताना या चुका टाळा

‘इथलाच माणूस आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, मग प्रशिक्षण कशाला?’ पहिली चूक हीच. लहानपणापासून पाहिलेल्या जागेत परक्या माणसाला काय कळणार नाही, हे त्या जागेतल्याच माणसाच्या सहज लक्षात येत नाही.

प्रशिक्षण झालंच तर ते वर्गात बसून सनावळ्या पाठ करण्यात संपतं. युरोपात गाईडच्या प्रशिक्षणासाठी २००८ साली ईएन १५५६५ हे मानक आलं. त्यात किमान ६०० तास सांगितले आहेत आणि त्यातले ४० टक्के प्रत्यक्ष सरावाचे. एवढे तास सगळीकडे जमणार नाहीत, पण सरावाचा वाटा तरी कमी करू नका.

पर्यटक रेंगाळतात, मोबाईल काढतात, तेव्हा गाईड आवाज चढवतो नाहीतर आणखी माहिती ओततो. बहुतेक वेळा दोष माहितीत नसतो, उभं राहण्यात असतो. ऊन गाईडच्या तोंडावर यावं, पर्यटकांच्या डोळ्यांत नको. शेवटचा माणूस येऊन थांबेपर्यंत बोलायला सुरुवात करू नये. मागे राहणारे बहुधा वयस्कर असतात आणि दर वेळी निम्मं ऐकणं त्यांच्याच वाट्याला येतं. नेमकं कुठे पाहायचं ते आधी दाखवावं, लोकांची नजर तिथे गेली की मग बोलावं. भिंतीकडे तोंड करून तर मुळीच नको.

दंतकथा जरूर सांगाव्यात, मात्र ‘लोक असं सांगतात’ म्हणून. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्यही सरावातच म्हणायला लावा. ते न जमणारा गाईड ऐनवेळी काहीतरी ठोकून देतो.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती प्रथमोपचारांची. हृदय बंद पडलं तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, हे ऐकून येत नाही. सरावासाठीच्या माणसाएवढ्या पुतळ्यावर हात चालवावा लागतो, आणि वरचेवर उजळणी नसेल तर तेही विसरतं. उन्हात कुणी बरळू लागलं तर लगेच मदत बोलवावी, सावलीत नेऊन अंग ओलं करावं, वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

परीक्षा घेताना पाठ केलेलं भाषण ऐकत बसू नका. मध्येच थांबवून प्रश्न विचारा, आणि गाईड पुढे निघाला की मागे किती माणसं राहिली ते पाहा.