लघवीच्या तक्रारी: ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

लघवीला आग होते म्हटलं की घरातलं निदान तयार असतं: उन्हाळी लागली असेल, पाणी पी. बऱ्याचदा तेवढ्यानं बरंही वाटतं, म्हणून ही सवय आणखी घट्ट होते. मी लॅबमध्ये नमुने घ्यायच्या खिडकीवर बसते. बाटली पुढे सरकवताना लोक जे बोलतात ते ऐकून ऐकून त्यांच्या चुका मला पाठ झाल्या आहेत.

“एकदाच लाल झाली, मग साफ आली”

हे ऐकलं की माझे कान टवकारतात. वर “दुखलं मात्र काहीच नाही” असं समाधानानं सांगतात. खरं तर काळजी तिथेच आहे. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर रक्तासोबत बहुधा कळ किंवा जळजळ असते. मूत्राशयाच्या कर्करोगात मात्र सुरुवातीला न दुखता रक्त जातं, आपोआप थांबतं आणि कित्येक आठवडे पुन्हा दिसतही नाही. म्हणून डोळ्यांना दिसलेलं रक्त एकदाच गेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. वय जास्त असेल किंवा सिगारेटची सवय असेल (सोडली असली तरी) तर अजिबात रेंगाळू नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असली की सगळा दोष तिच्यावर ढकलला जातो. तसं करू नका, आत आधीपासून असलेला बिघाड त्या गोळीमुळे फक्त उघड झालेला असू शकतो.

लाल दिसलं म्हणजे रक्तच असं नाही, हेही खरं. बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते, क्षयावरच्या रिफाम्पिसिननं केशरी होते आणि ‘बी’ जीवनसत्त्वाच्या गोळीनं झगझगीत पिवळी. पण बीट खाल्ल्याचं नक्की आठवत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, साधी लघवी तपासणी करून घ्या. पाळी चालू असेल तर नमुना देतानाच सांगा.

कोलासारखी गडद लघवी ही वेगळी गोष्ट. मुलाचा घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी अशी लघवी आली आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज असली, तर मूत्रपिंडाचा दाह असू शकतो. न झेपणारा व्यायाम केल्यावर आली तर स्नायू तुटून त्यातला रंग उतरत असतो. त्यात मूत्रपिंडाला इजा होते, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोबत डोळे पिवळे असतील तर काविळीकडे बघायला हवं.

फेसाचं मात्र लोक उगाच घेऊन बसतात. जोरात धार पडली की फेस होतोच. तो रोज येत असेल, लवकर विरत नसेल आणि मधुमेह, रक्तदाब किंवा पायावर सूज असेल, तर लघवीतून प्रथिनं जातात का ते तपासा.

घरातली उरलेली स्ट्रिप

मागच्या वेळच्या चार अँटिबायोटिक गोळ्या शिल्लक असतात. त्यातल्या दोन घेऊन झाल्या, फरक पडला नाही की लोक कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला येतात. गोळीनं जंतू अर्धवट दबलेले असतात, त्यामुळे कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळायची संधी जाते. नमुना आधी, गोळी नंतर, आणि तीही डॉक्टरांनी दिलेलीच. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची असते, म्हणून आतड्यातले ई. कोलाय जंतू सहज वर चढतात. पुरुषाला, लहान मुलाला किंवा मधुमेह्याला जळजळ झाली तर मात्र ती साधी समजून घरी उपचार करू नका. गरोदरपणात तर त्रास नसतानाही लघवी तपासतात, कारण लक्षण नसलेला संसर्गही मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

बाटलीचंही सांगते. धुतलेल्या कफ सिरपच्या बाटलीत नमुना आणणारे अजून भेटतात. वर “गरम पाण्यानं धुतलीय” हे असतंच! सिरपचा अंश राहिला तर साखर दिसायची आणि कल्चरमध्ये भलतेच जंतू उगवायचे. लॅबची निर्जंतुक डबी घ्या, पहिली धार सोडून मधली धरा आणि तास-दोन तासांत पोहोचवा.

“वय झालं, धार बारीक होणारच”

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलं की धार मंदावते, रात्री उठावं लागतं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. यावर औषधं आहेत, सहन करत बसायचं कारण नाही. त्यात सर्दीची गोळी घेतली तर काहींची लघवी पूर्ण तुंबते. इथे एक फसवी खूण असते. थेंब थेंब गळत असतं म्हणून घरचे म्हणतात, “होतेय की!” ओटीपोटावर हात ठेवला तर तिथे फुग्यासारखं टणक लागतं. मूत्राशय काठोकाठ भरलंय आणि वरचं सांडतंय, एवढाच त्या थेंबांचा अर्थ. मग पाणी पाजत राहणं म्हणजे भरल्या घागरीत ओतणं.

उलट, खोकताना लघवी सुटते म्हणून पाणीच तोडणाऱ्या बायका खूप. लघवी दाट होऊन जळजळ वाढते. त्यापेक्षा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत, काही महिन्यांत फरक दिसतो. अति पाणीही नको; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतात.

सकाळची वाट बघू नये अशा वेळा

थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली कुशीत दुखणं. मुतखड्याच्या कळेसोबत ताप आला तर जास्तच घाई, कारण अडलेल्या लघवीत संसर्ग झाला की काही तासांत जिवावर बेततं. लघवी पूर्ण अडली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा दिवसभरात जेमतेम कपभर लघवी झाली, तरी निघायचं. कंबरदुखीबरोबर लघवीची जाणीव गेली आणि मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात. तान्ह्या बाळाला कारण न कळणारा ताप असेल तेव्हा लघवीचीही तपासणी हवी, कारण आग होते हे ते सांगू शकत नाही.

निघताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिपा पिशवीत टाका, सर्दीची गोळी सुद्धा.