फ्लेक्सी बॅग खाली करायला शिकलो त्याची गोष्ट (जळगाव एमआयडीसी, नवीन पोरांसाठी)

बीएस्सी केमिस्ट्री झालं की अमळनेर, पारोळा, धरणगावकडची अर्धी पोरं जळगाव एमआयडीसीत बायोडाटा घेऊन फिरतात, मी पण त्यातलाच. सुरत लाइनच्या पॅसेंजरने यायचो, डबा आणि फाइल घेऊन. रंगाला लागणारं रेझिन बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो, लॅबमध्ये घेतील असं वाटलं होतं पण साहेबांनी टाकलं टँक फार्मला, म्हणजे लिक्विड माल उतरवून घ्यायचा आणि टाकीत चढवायचा. घरी सांगितलं की परदेशातून कंटेनरमध्ये मोठी प्लास्टिकची पिशवी येते, ती खाली करायचं काम आहे, तर आई म्हणे, "इतलं शिकीसन पिशव्या खाली करस का तू?" तेव्हा लाज वाटली होती, आता नाही वाटत. एका पिशवीत चोवीस टन माल असतो आणि तो नीट उतरवणारा माणूस सहजासहजी मिळत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. 20 फुटी साधा कंटेनर, ज्यात एरवी पोती नाहीतर खोके भरतात, त्याच्या आत आडवी पसरलेली एक भलीमोठी बॅग, हीच फ्लेक्सी बॅग. आतून पॉलिथिनचे थर, बाहेरून विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर, आपल्या खताच्या गोणीचं असतं ना तसंच पण जाड. कंपनी आणि साइझप्रमाणे साधारण 16 ते 24 हजार लिटर बसतं. एकदाच वापरायची, मग भंगार. मागच्या दाराकडे लोखंडी आडव्या पट्ट्या आणि शीटची एक भिंत उभी केलेली असते, तिला बल्कहेड म्हणतात, बॅगचा लोंढा दारावर येऊ नये म्हणून. त्या भिंतीतून खाली साधारण तीन इंची व्हॉल्वचं तोंड बाहेर आलेलं असतं. खाद्यतेल, ग्लिसरीन, लिक्विड ग्लुकोज, बेस ऑइल, पीव्हीसीत घालायचं प्लॅस्टिसायझर असा माल यातून येतो. पेट घेणारं किंवा अंगावर उडालं तर भाजणारं असं धोकादायक केमिकल यात घालत नाहीत, त्याला वेगळे स्टीलचे टँक कंटेनर असतात. आमच्याकडे यायचं ते ग्लिसरीन, इंडोनेशिया-मलेशियाकडून पामतेलाच्या धंद्यातून निघालेलं, न्हावा शेवाला उतरून कसारा घाट चढून चारशेक किलोमीटर ट्रेलरवर.

नवीन माणसाची पहिली चूक लिटर आणि किलोत होते, माझी पण झाली. बॅग 24 हजार लिटरची म्हणून मी रजिस्टरला 24 हजार लिटर लिहिलं आणि टाकीत जागा नाही म्हणून बोंब मारली. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सव्वापट जड, 1.26 घनता, त्यामुळे चोवीस टन म्हणजे फक्त 19 हजार लिटर. पामतेलाचं उलटं, 0.91 च्या आसपास, तिथे 24 हजार लिटर भरलं तरी बावीस टनाच्या आतच. माल येण्याआधी टाकीची डिप घ्या, म्हणजे आत किती माल आहे ते मोजा, आणि हा हिशोब कागदावर करा, मनात करू नका.

आता गाडी आली की काय, तर घाई करायची नाही. दाराला लावलेल्या बोल्ट सीलचा नंबर कागदाशी जुळवायचा, तोडायच्या आधी मोबाइलवर फोटो, कंटेनरच्या खालून कुठे थेंब गळतोय का ते वाकून बघायचं, बाजूच्या पत्र्याला पोट आलंय का ते पण. आधी काट्यावर भरलेलं वजन. ड्रायव्हरकडून चावी घेऊन ऑफिसात ठेवायची, चाकाला लाकडी ठोकळे. चावीवरून ड्रायव्हर लोक चिडतात, रात्रभर गाडी चालवून आलेला असतो बिचारा, त्याला एसीत झोपायचं असतं, पण चहा पाजा आणि चावी घ्याच, कारण पाइप जोडलेला असताना गाडी दोन फूट जरी सरकली तर व्हॉल्वचं तोंड उपटून येईल आणि मग ते चोवीस टन थांबवायला कुणाचा बाप येत नाही.

दार. हे नीट वाचा. कंटेनरच्या मागे उभं राहून उजव्या हाताचं दार फक्त उघडायचं. डावं बंदच ठेवायचं, बॅग जवळपास खाली होईपर्यंत. डाव्या दारावर तसं स्टिकर पण असतं पण वाचतं कोण. डावं बंद असलं की बल्कहेडला मागून आधार राहतो. आणि उजवं उघडताना पण समोर उभं राहायचं नाही, दाराच्या बाजूला राहून हळू, आधी थोडीशी फट करून आत बॅट्री मारायची, पट्ट्या वाकल्यात का, ओल दिसते का बघायचं. काही गडबड वाटली तर दार परत लावून साहेबांना फोन.

मग सँपल. व्हॉल्वच्या तोंडात अडकलेला पहिला लिटर-दोन लिटर बादलीत वेगळा काढा, त्यात धूळ-कचरा असतो, त्यानंतरचं बाटलीत घेऊन लॅबला. रिपोर्ट येईपर्यंत पंप नाही म्हणजे नाही. एकदा टाकीतल्या जुन्या मालात मिसळलं की परत वेगळं करता येत नाही. लॅबवाले जेवायला गेले असतील तर आपण पण जेवून घ्यावं.

पंपाचं थोडं सांगतो. घट्ट मालाला गिअर पंप, साधा सेंट्रिफ्यूगल नुसता आवाज करतो. कॅमलॉक, म्हणजे पाइप जोडायची कपलिंग, लावायच्या आधी आतली रबराची रिंग आहे का ते बोटाने चाचपून बघा, रिंग पडलेली असली की पंप हवा ओढतो आणि तुम्ही तासभर पंपाला शिव्या देत बसता. पाइप ताणून लावू नका, गाडी जसजशी हलकी होते तशी कमानींवर वर उचलली जाते, पाइपाला ढील हवी. पंपाच्या पुढे नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे माल एकाच दिशेने जाऊ देणारा, पाहिजेच, आपली टाकी उंच असते, लाइट गेली आणि टाकीतला माल उलटा फिरून बॅगेत शिरला तर बॅग फाटेल. एमआयडीसीत लाइट जात नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या फक्त.

आमच्याकडे नाना होते, पारोळ्याकडचे, शिक्षण सातवी, पण बॅगेच्या बाबतीत आमच्या सगळ्यांचे बाप. पंप चालू झाला की मी मोबाइल काढायचो, ते व्हॉल्वजवळ स्टूल टाकून बसायचे आणि बॅगेकडे बघत राहायचे. मी म्हटलं नाना आता काय बघायचंय, चालू आहे ना. तर म्हणे, "घाई कशाले करस रे, तिना पोटकडे ध्यान दे." बॅगेला हवा जायला वाट नसते, माल निघतो तशी ती स्वतःच खाली बसत जाते, म्हणून कधीकधी वरचा पापुद्रा ओढला जाऊन आतून व्हॉल्वच्या तोंडावर येऊन चिकटतो. मग माल असून पण येत नाही, पंप कोरडा फिरतो, आवाज बदलतो, किरकिर लागते. त्या वेळी पंप अजून जोरात करायचा मोह होतो. उलट करायचं, पंप बंद, व्हॉल्व थोडा वेळ तसाच, बॅग सैल झाली की परत हळू सुरू. पहिले दोन तृतीयांश आमच्या पंपाने पाऊण तासात उतरायचे, राहिलेल्याला तेवढाच किंवा जास्त वेळ लागायचा.

माझं जे झालं ते इथेच झालं. जानेवारी महिना होता. जळगावचा उन्हाळा 45 अंशाचा म्हणून सगळ्यांना माहिती, पण जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली पण जातो हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. ग्लिसरीन 20 अंशाला जेवढं घट्ट असतं त्याच्या जवळपास तिप्पट घट्ट 10 अंशाला होतं. पुस्तकात लिहिलंय की ते 18 अंशाला गोठतं, प्रत्यक्षात सहसा गोठत नाही, नुसतं हट्टी होतं. तर गाडी सकाळी सातला लावली, नाना रजेवर, मी शहाणा. दुपारपर्यंत उतरत राहिलं, मग धार बारीक झाली, मग पंप कोरडा. दारातून बॅट्री मारली, बॅग सपाट दिसली. बल्कहेड खोलायचा कंटाळा केला, पोरं पण जेवायला गेलेली, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. व्हॉल्व बंद करून गाडी काट्यावर पाठवली आणि रजिस्टरला सही.

काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन 680 किलो जास्त आलं. मला आधी काटाच खराब वाटला. गाडी परत आणली, बल्कहेड खोललं आणि आत बघितलं तर पार पुढच्या टोकाला, केबिनकडे, साडेपाचशे लिटर माल तळ्यासारखा शांत बसलेला. कारण एकदम साधं होतं, आमच्या यार्डाचा उतार पावसाचं पाणी पंपहाऊसकडे येऊ नये म्हणून गटाराकडे काढलाय, आणि गाडी रिव्हर्सने पंपहाऊसला लागते, म्हणजे दार वर आणि तोंड खाली. पातळ माल तरी हळूहळू येतो, थंडीतलं ग्लिसरीन कशाला चढेल. साहेब काही ओरडले नाहीत, फक्त म्हणाले की आता काढ. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. ट्रेलरची पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, दाराकडे उतार केला, आणि मग बॅग गुंडाळायला घेतली, रात्री नऊ वाजले.

गुंडाळणं हा प्रकार व्हिडिओ बघून कळत नाही. माल खालच्या पट्टीच्याही खाली गेलाय याची खात्री झाल्यावरच पट्ट्या काढायच्या, तोपर्यंत नाही. मग डावं दार पण उघडायचं, हवा खेळू द्यायची, आणि दोघांनी आत जायचं, तिसरा बाहेर पंपाच्या स्विचवर. पुढच्या टोकापासून बॅग उचलत उचलत सतरंजी गुंडाळतात तशी दाराकडे आणायची, पंप हळू चालू ठेवून. भरलेल्या बॅगेवर कधीच चढायचं नाही, फोटो काढायला पण नाही. बुटाखाली ग्लिसरीन आलं तर बर्फावर उभं राहिल्यासारखं होतं, नानांचं एकदा मनगट गेलंय त्यात. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी दहाच्या आत संपवा, नंतर कंटेनर म्हणजे भट्टी असते आणि आतला माणूस चक्कर येऊन पडला तर त्याला ओढून बाहेर काढणं त्या चिकट्यात फार अवघड.

सांडलेलं पाण्याने धुतलं जातं, ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, पण थेट गटारात सोडू नका, आधी भुसा-वाळू टाकून उचला. अजून एक, लॅबचं पोटॅशियम परमँगनेट या भागात आणायचंच नाही, ग्लिसरीन आणि ते एकत्र आलं की थोड्या वेळाने आपोआप पेटतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला गंमत म्हणून दाखवतात तेच.

रिकामी बॅग दर वेळी कुणीतरी मागतं. नानांना मक्याच्या कणसांवर झाकायला पाहिजे असायची, एकाला गोठ्याच्या छपराला. देऊ नका, ती रीसायकलवाल्याला वजन करून पावतीवर जाते, आणि कुणी पिण्याचं पाणी नाहीतर तेल साठवायला नेली तर उद्या नाव आपलं येतं. कंटेनरचा फरशी-पत्रा पुसून, पुठ्ठे आणि पट्ट्या काढून, चारी बाजूंनी फोटो घेऊनच गाडी सोडा, डाग राहिला तर शिपिंग लाइन क्लीनिंगचे पैसे लावते आणि उशीर झाला तर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे, वेगळे.

पगाराचं विचारतात सगळे. मला सुरुवातीला साडेअकरा हजार हातात यायचे, बारा तासांची शिफ्ट, ओव्हरटाइम गाडी आली तरच. इंटरव्ह्यूला गेलात तर उलट तुम्ही विचारा की यार्डाचा उतार कुठल्या बाजूला आहे. मी दुसऱ्या कंपनीत गेलो तेव्हा विचारलं होतं, प्लांट हेड हसले, मग उठून स्वतः बाहेर बघायला गेले.